लम्पी आणि दुसऱ्याची दावण

आता बघा, 2022 मध्ये लम्पी पसरला तेव्हा महाराष्ट्रात गुरांचे बाजार बंद केले, वाहतूक थांबवली. लोक म्हणाले, रोग तर माश्या, डास, गोचीड पसरवतात. मग बाजार कशाला बंद? अहो, माशी स्वतःहून फार लांब उडत नाही. टेम्पोत चढवलेलं जनावर मात्र एका रात्रीत जिल्हा ओलांडतं. आणि लागण झाल्यावर लक्षणं दिसायला चार आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून विकत आणलेली गाय 28 दिवस वेगळी बांधायची, गोठा कोरडा ठेवायचा, गाडी धुऊन निर्जंतुक करायची, लस वेळेत टोचून घ्यायची. ताप आलेलं जनावर घाईनं विकलं, तर आपला तोटा टळतो खरा; पण तो आपण दुसऱ्याच्या दावणीला नेऊन बांधलेला असतो. नीतिशास्त्र शिकवताना मला याहून सोपं उदाहरण सापडलं नव्हतं.