घाटमाथ्यावरचं बंदर

जुलैतल्या रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. वरून सांडव्याचं पाणी, समोरून पावसाचा मारा आणि मागच्या बाजूने कोकणातून चढून आलेला वारा. हा वारा टायगर पॉइंटच्या कड्यावर आपटतो आणि त्याच्या अंगातलं पाणी इथे सांडतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि साठ-सत्तर किलोमीटरवरच्या पुण्यात त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पडत नाही, तो याच कारणाने. इतपत आपण शाळेत शिकलेलो असतो. शाळेत सहसा सांगत नाहीत ती गोष्ट पुढची आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यातल्या इजिप्तची गलबतं याच वाऱ्यावर शिडं फुगवून आपल्या किनाऱ्याला लागत. त्या व्यापारातल्या माणसांची नावंसुद्धा आज वाचता येतात, आणि ती कुठल्याही बंदरात नाहीत. भुशीहून तासाभरात गाठता येईल अशा एका डोंगरात ती कोरलेली आहेत.

आधी वाऱ्याचं पाहू. जून ते सप्टेंबर तो नैर्ऋत्येकडून, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून आपल्याकडे वाहतो. हिवाळ्यात उलटा फिरतो आणि ईशान्येकडून आफ्रिकेकडे वाहू लागतो. जायला एक वारा, यायला दुसरा, तेही दरवर्षी ठरल्या वेळी! जगात फार थोड्या समुद्रांना अशी सोय लाभली आहे. अरब आणि भारतीय खलाशांना ती फार पूर्वीपासून माहीत होती. ग्रीकांना कशी कळली, याची एक कथा स्ट्राबो या भूगोलकाराने नोंदवली आहे. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर एक भारतीय खलाशी अर्धमेल्या अवस्थेत सापडला. त्याला अलेक्झांड्रियाला नेऊन ग्रीक शिकवलं, आणि त्याने दाखवलेल्या वाटेने युडॉक्सस नावाचा दर्यावर्दी भारतात पोचला. हे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं. इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेलं आणि त्यानंतर या वाटेवर रहदारी वाढली. मायोस होर्मोस या एकाच बंदरातून वर्षाला १२० गलबतं भारताकडे निघतात, असं स्ट्राबो लिहितो.

ही गलबतं इजिप्तमधून जुलैच्या सुमारास सुटत आणि सप्टेंबरात इकडे पोचत. आधी का नाही? कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला विचारा. जून-जुलैचा दर्या किनाऱ्याजवळ कुणाला उभं करत नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच होड्या पाण्यात जातात. इजिप्तच्या नाखव्यांनी हेच गणित उलट्या बाजूने मांडलं होतं: वाऱ्याचा जोर भर समुद्रात वापरायचा, पण किनारा दिसायच्या वेळी तो ओसरलेला असला पाहिजे. मग दोन-तीन महिने विक्री, खरेदी, घासाघीस. डिसेंबरच्या आसपास फिरलेल्या वाऱ्याबरोबर परत. एका फेरीत जवळजवळ वर्ष जाई.

या फेऱ्यांचं चक्क एक मार्गदर्शक पुस्तक उरलं आहे. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे त्याचं नाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने ते लिहिलं. त्यात भरुच आहे, सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. कुठे काय विकावं आणि काय घ्यावं, हे त्याने मुनीमजीच्या कोरडेपणाने सांगितलं आहे. भरुचच्या बाजारात द्राक्षाची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच आणि सोन्याचांदीची नाणी खपतात. तिथल्या राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुलं आणि सुंदर मुली न्याव्यात, असंही तो त्याच सुरात लिहून जातो. परतीच्या मालात जटामांसी, गुग्गुळ, हस्तिदंत, अकीक, पिंपळी आणि गठ्ठेच्या गठ्ठे सुती कापड.

हा माल किनाऱ्यावर पिकत नव्हता. पेरिप्लसकार दोन गावांची नावं देतो, पैठण आणि तगर. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड बैलगाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भरुचला जातं, असं तो म्हणतो. नकाशा उघडला की लक्षात येतं, भरुच लांब आहे. कल्याण, सोपारा आणि चौल कितीतरी जवळ. फक्त मध्ये सह्याद्री उभा आहे.

त्यामुळे समुद्रावरच्या व्यापाराची किल्ली घाटांच्या हाती गेली. जुन्नरकडून कोकणात उतरायला नाणेघाट. मावळातून उतरायला बोरघाट आणि भुशीच्या शेजारचा कुरवंड्याचा घाट. कल्याण ज्या उल्हास नदीवर वसलं, ती याच डोंगरातून निघून पश्चिमेला जाते. भुशीचं धरण ज्या इंद्रायणीवर आहे, ती तिथूनच जवळ उगम पावून पूर्वेला वळते. एकीचं पाणी अरबी समुद्राला, दुसरीचं भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. व्यापाऱ्याला एका नदीच्या खोऱ्यातून चढून दुसरीच्या खोऱ्यात उतरायचं होतं आणि मध्ये होती ही दोन हजार फुटांची चढण.

चढणीवर माणसांना आणि बैलांना पहिली गरज पाण्याची. पायथ्याशी कोंडाण्याची लेणी, माथ्यापलीकडे भाजे, कार्ले आणि बेडसे ही रांग पाहा. प्रत्येक ठिकाणी कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या, म्हणजे पोढी आहेत. भाज्याला विष्णुदत्त नावाच्या महारठीने, म्हणजे सरदाराने, पोढी दान दिल्याचा लेख आहे. भुशीचं धरणही तहानेतूनच जन्मलं. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाट चढून आलेल्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागू लागलं, म्हणून जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने ते बांधलं. वाहतुकीची साधनं बदलली, घाटमाथ्यावरची पाण्याची गरज तशीच राहिली.

लेण्यांचा आणि वाऱ्याचा संबंध आणखी एका बाजूने येतो. बौद्ध भिक्षू आठ महिने फिरत आणि पावसाळ्यात एका जागी राहत. त्याला वर्षावास म्हणतात. म्हणजे ज्या महिन्यांत गलबतं समुद्रात होती, त्याच महिन्यांत भिक्षू लेण्यात. पाऊस संपला की माल घेऊन तांडे घाटाला लागत. दान देणारे आणि घेणारे एकाच वाटेवर होते.

आता कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरू. भारतातलं हे सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह. लांबी सुमारे १२४ फूट, उंची ४५ फुटांच्या आसपास. छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. ‘जंबुद्वीपात उत्तम’ असं हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण केलं, असं दर्शनी भिंतीवर लिहिलेलं आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. हे एकट्या धनिकाचं काम मात्र नव्हे. एकेक खांब एकेका दात्याचा आहे. सोपाऱ्याहून आलेला एक धर्मपाठक आहे, दार देणारा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, ते घडवणारा सुतार आहे, व्यापाऱ्यांची एक श्रेणी आहे. आणि यांच्याच रांगेत यवन आहेत: धेनुकाकटचा यवन सिंहध्वज, धेनुकाकटचा यवन धर्म.

त्या काळी ग्रीकांना आणि एकूणच पश्चिमेकडच्या परदेशी लोकांना यवन म्हणत. यांची नावं मात्र इथली, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत आणि दान बुद्धाच्या संघाला. धेनुकाकट नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचे वाद झाले. दामोदर धर्मानंद कोसंबींच्या मते ते कार्ल्याच्या परिसरातच होतं. ते कुठेही असो, एवढं उघड आहे की हे यवन माल टाकून पुढच्या वाऱ्याला परतणारे पाहुणे नव्हते. ते इथले होऊन गेले होते.

जिथे एवढा पैसा फिरतो तिथे भांडणही येणारच. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण आता तिथे चुकून शिरलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भरुचला नेली जातात, अशी नोंद पेरिप्लसमध्ये आहे. भरुच क्षत्रप या शक राज्यकर्त्यांचं होतं आणि घाटमाथ्यावर दावा दख्खनच्या सातवाहन राजांचा. बंदर बंद पाडून शेजाऱ्याची कोंडी करण्याचा हा डाव होता. या भांडणाचेही पुरावे कार्ल्यात आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिलं. पुढे सातवाहन राजाने मामालच्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला हुकूम पाठवून तेच गाव पुन्हा भिक्षूंना दिलं. राज्य बदललं, देणगी तीच राहिली. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला आहे. विजयाची याहून रोकडी घोषणा कुठली?

या व्यवहारात फायदा कुणाचा होता? प्लिनी या रोमन लेखकाने तक्रार केली आहे की भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स आपल्याकडून ओढून घेतो. त्याने न सांगितलेली बाजू ही, की पूर्वेकडून आलेल्या मालावर रोमन सरकार २५ टक्के जकात घेई. केरळातल्या मुझिरिसहून निघालेल्या ‘हर्मापोलोन’ या एका गलबताचा हिशेब व्हिएन्नातल्या पपायरसवर टिकून आहे. त्यातल्या मालाची किंमत ७० लाख सेस्टर्सच्या घरात भरते. दुसऱ्या शतकातल्या रोमन शिपायाला वर्षाला सुमारे १,२०० सेस्टर्स मिळत. म्हणजे एका गलबतातल्या मालात पाच हजारांहून जास्त शिपायांचा वर्षाचा पगार भागला असता. प्लिनी कुरकुरत होता, पण खजिनदार खूश असणार.

दोन्ही टोकांना या देवघेवीच्या वस्तू सापडल्या आहेत. १९४४-४५ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती निघाली. १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या राखेतून एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीने ते शहर गाडलं, त्याआधीच ती तिथे पोचलेली होती. तिच्या जवळच्या बहिणी शोभतील अशा मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात भारतीय सागवान, भारतीय सुती शिडांचे तुकडे आणि साडेसात किलो मिऱ्यांनी भरलेला भारतीय रांजण सापडला. २०२२ मध्ये तिथल्या इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात संगमरवरी बुद्ध सापडला. दगड भूमध्य समुद्राकडचा, देव इकडचा. त्याच मंदिराच्या उत्खननातून सातवाहनांची दोन नाणीही हाती लागली.

कल्याणला जाऊन त्या काळची गोदी शोधली तर हाती काही लागत नाही. जिवंत बंदर स्वतःलाच पुसत राहतं. नवी वस्ती जुनीवर चढते, खाडी गाळाने भरते. कार्ल्याचा कातळ मात्र त्या व्यापाराच्या वाटेवर होता आणि तिच्या उलाढालीपासून उंच, बाजूला होता. म्हणून समुद्री व्यापाराचे आपल्याकडचे ठळक दस्तऐवज डोंगरात आहेत. पुढच्या खेपेला लोणावळ्यात गर्दीत अडकलात, तर दहा-बारा किलोमीटर पुढे जा आणि विजेरी घेऊन चैत्यगृहातल्या खांबांच्या रांगा निवांत पाहा. ब्राह्मी येत नसली तरी अक्षरं स्पष्ट दिसतात. ‘यवन’ या शब्दाची तीन अक्षरं घरून पाठ करून गेलात, तर ती तुमची तुम्हालाच सापडतील.