ऑपेरा हाऊसला जाताय? बाल्कनीचं तिकीट काढा!

‘ऑपेरा हाऊसला जायचंय’ असं मुंबईत रोज कितीतरी लोक म्हणतात, आणि त्यातल्या बहुतेकांना तिथल्या हिरेबाजारात नाहीतर एखाद्या ऑफिसात जायचं असतं. ज्या इमारतीवरून अख्ख्या भागाला नाव पडलं, तिथे १९९३ साली पडदा पडला आणि तो उघडला थेट २०१६ साली. मधल्या तेवीस वर्षांत एक पिढी ही वास्तू बाहेरूनच बघत मोठी झाली. आता तिथे नाटकं होतात, गाण्याच्या मैफली होतात, नृत्याचे कार्यक्रम होतात, सिनेमेही दाखवतात. जाहिरात दिसली की जाच. जाण्याआधी या वास्तूची थोडी ओळख करून घेऊ.

उद्घाटन आधी, इमारत नंतर! पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा बांधकाम चालूच होतं, तरी त्याच्या हस्ते उद्घाटन उरकलं आणि नावामागे ‘रॉयल’ लागलं. काम पुरं व्हायला १९१२ उजाडलं. त्या भेटीत राजाच्या वाट्याला बरंच काही अर्धवटच आलं. ज्या गेटवे ऑफ इंडियाशी आपण त्याचं नाव जोडतो, त्याची त्याने फक्त पुठ्ठ्याची प्रतिकृती पाहिली. खरा गेटवे लोकांसाठी खुला झाला १९२४ मध्ये.

बांधणारी जोडीही मजेशीर होती. एक मॉरिस बँडमन, कलकत्त्यात बस्तान बसवलेला नाटक कंपनीचा मालक. त्याच्या कंपन्या जिब्राल्टरपासून जपानपर्यंत बंदरोबंदरी खेळ करत फिरायच्या. दुसरे जहांगीर फ्रामजी कराका, कोळशाच्या व्यवहारातले पारशी गृहस्थ. एकाकडे नट, दुसऱ्याकडे पैसा. थिएटर उभं राहायला याहून जास्त काय लागतं? नावात ऑपेरा असला तरी बँडमनच्या कंपन्यांचा भर हलक्याफुलक्या संगीत विनोदी खेळांवर होता. मुंबईकरांना गाणं आणि हशा एकाच तिकिटात हवा असतो हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

आत शिरल्यावर आधी वर बघा. प्रवेशदालनातली स्फटिकाची झुंबरं ससून घराण्याची देणगी आहेत. घुमटाचे आठ भाग कवी, नाटककार आणि कादंबरीकारांच्या नावे अर्पण केले आहेत. दारातच लेखकांना मान देणारं थिएटर मला फार आवडतं.

आता मुद्द्याचं. प्रेक्षागृहाचं छत अशा बेताने बांधलंय की सर्वात वर, मागच्या रांगेत बसलेल्यालाही रंगमंचावरचा शब्द स्वच्छ ऐकू यावा. हे बांधलं तेव्हा माईक नव्हता, ध्वनिवर्धक नव्हता. नटाचा गळा आणि वास्तूचं छत, एवढंच भांडवल होतं. सगळ्या मजल्यांवर मिळून खुर्च्या पावणेसहाशेच्या आसपास, म्हणजे तुम्ही कुठेही बसलात तरी रंगमंच फार लांब पडत नाही. म्हणून सांगते, इथे बाल्कनीचं तिकीट काढायला अजिबात लाजू नका. नट पुढच्या रांगेतून जास्त नीट दिसतो हे खरं, पण हे थिएटर कशासाठी बांधलं ते वर बसल्यावर कळतं. वरून सोनेरी नक्षीकामही पुरं दिसतं.

आणि या छताखाली गायलं कोण? बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव, बापूराव पेंढारकर, विनायकबुवा पटवर्धन, ज्योत्स्ना भोळे. ही यादी मी संगीत नाटकवेड्या माणसांसमोर म्हटली की ती दोन क्षण गप्प होतात. साथीचा दर्जाही तसाच तालेवार. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला खुद्द अहमदजान थिरकवाँ होते. त्या काळी एकेका पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर पडायचे, नाटक रात्री उशिरापर्यंत रंगायचं. पुरुषाने शालू नेसून नायिका उभी करण्याचा काळ या वास्तूने पाहिला, आणि ज्योत्स्नाबाईंसारखी गोव्याची मुलगी स्वतः नायिका म्हणून उभी राहिली तो काळही. मराठी रंगभूमीवरचं एवढं मोठं स्थित्यंतर एका छताखाली मावलं, हे ऑपेरा हाऊसचं माझ्या लेखी सर्वात मोठं वैभव. झुंबरं त्याच्यानंतर.

मग आला सिनेमा. तसा तो मुंबईत आला आणि लगेच नाटकाच्याच थिएटरात शिरला. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात लुमिएर बंधूंची चित्रं पहिल्यांदा हलली आणि आठवडाभरातच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलवावे लागले. तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत तिकिटं होती आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स. ऑपेरा हाऊसमध्येही आधी चित्रपट आणि रंगमंचावरचे खेळ आलटूनपालटून चालत. १९३५ मध्ये आयडियल पिक्चर्सने वास्तू घेतली आणि ती पुरती सिनेमागृह झाली. पडदा सगळ्यांना दिसावा म्हणून रंगमंचालगतचे राजेशाही बॉक्स पाडले गेले. वाईट वाटतं ऐकून, पण त्याच सिनेमाने पुढची साठेक वर्षं ही इमारत जिवंत ठेवली, हेही मानायला हवं.

नाटक तरीही हटलं नाही. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये पृथ्वी थिएटर्स ही फिरती नाटक कंपनी काढली. तिचे प्रयोग इथेही व्हायचे. दुपारपासून सिनेमाचे खेळ, म्हणून नाटक सकाळी! विचार करा, न्याहारी करून लोक ‘दीवार’ नाहीतर ‘पठान’ बघायला निघालेत. प्रयोग संपला की पृथ्वीराज स्वतः दाराशी मान खाली घालून, झोळी पसरून उभे राहायचे आणि प्रेक्षक मदतनिधीसाठी त्या झोळीत पैसे टाकायचे. अभिनेत्री झोहरा सहगल यांनी या कंपनीत चौदा वर्षं काढली. पुढे संगीतकार म्हणून गाजलेले शंकर आणि जयकिशन हे दोघेही याच कंपनीतले वादक. नाटकाच्या या एका कंपनीने हिंदी सिनेमाला केवढा माल पुरवला!

बाहेर आलात की केनेडी ब्रिजकडे चालत जा. पुलाजवळच इंपीरियल कंपनीचा स्टुडिओ होता. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ तिथे तयार झाला. बाजूलाच रेल्वेची लाइन, दिवसभर गाड्यांचा खडखडाट, म्हणून चित्रीकरण चालायचं गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर. १४ मार्च १९३१ ला तो गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये लागला आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं. काळ्या बाजाराची परंपरा बोलपटाइतकीच जुनी आहे तर! आज ना मॅजेस्टिक उरलंय, ना ‘आलम आरा’ची एकही प्रत. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला ते कॉरोनेशनही गिरगावातलंच, आणि तेही गेलं. म्हणून ऑपेरा हाऊस शाबूत राहिल्याचं मोल फार.

ते शाबूत राहिलं कसं? १९५२ मध्ये गोंडलचे महाराजा विक्रमसिंहजी यांनी ते विकत घेतलं. व्हिडिओ आणि केबलच्या माऱ्यात प्रेक्षक आटले, तेव्हा पाडून टोलेजंग इमारत बांधण्याचा सोपा मार्ग समोर होता. घराण्याने तो घेतला नाही. पुढे वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्याकडे काम सोपवलं गेलं. जुन्या छायाचित्रांवरून पाडलेले बॉक्स पुन्हा उभे राहिले, रंगांचे थर खरवडून मूळ रंग शोधला गेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये मामी चित्रपट महोत्सवाचा प्रारंभ इथे झाला आणि त्याच सुमारास मुंबईतच जन्मलेल्या ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ इथे गायल्या. म्हणजे पुनरागमनात सिनेमा आणि गाणं दोघांनाही मान! २०१७ मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागात या जीर्णोद्धाराचा गौरव केला.

आता जाण्याविषयी. पश्चिम रेल्वेचं चर्नी रोड स्टेशन जवळ, पण तिथे फास्ट गाडी थांबत नाही. उपनगरातून फास्टने येणार असाल तर मुंबई सेंट्रलला उतरून स्लो पकडा. पहिल्या घंटेच्या अर्धा तास आधी पोहोचा, नाहीतर झुंबरं आणि घुमट बघायचे राहतील. संध्याकाळचा खेळ असेल तर आधी गिरगावात शिरून फणसवाडीत विनय हेल्थ होमची मिसळ नाहीतर पणशीकरांकडे पियुष घ्या. जुना सिनेमा लागला असेल तर घरातल्या आजी-आजोबांना सोबत न्याच. त्यांनी याच छताखाली कुठला पिक्चर, कुणाबरोबर पाहिला ते मध्यंतरात विचारा, आणि उत्तर लांबलं तर मध्यंतरानंतरचा भाग थोडा बुडाला तरी चालेल.