अर्ध्या प्रश्नावरची घंटी

सौंसरच्या एका गणेशोत्सवातली गोष्ट. मंडपात टेबलं दोन, प्रत्येक टेबलामागे कॉलेजची चार पोरं. एका संघाच्या हाताशी देवघरातली घंटी, दुसऱ्याच्या हाताशी सायकलची. गुरुजींनी चष्मा सावरत कागदावरचा प्रश्न वाचायला घेतला. पहिली ओळ संपते न संपते तोच सायकलची घंटी वाजली. मागच्या रांगेतून एक आजोबा ओरडले, "थांब नं गा, प्रश्न तं पुरा होऊ दे!" पोराने उत्तर दिलं, ते चुकलं आणि मंडप खदखदून हसला. त्या गर्दीत बसलेल्या प्रस्तुत लेखकाला मात्र तेव्हाही पोराचीच बाजू पटली होती आणि आजही पटते.

अर्ध्या प्रश्नावर घंटी मारण्याची ही घाई म्हणजेच विद्यापीठांच्या प्रश्नमंजूषेचा प्राण. टीव्हीवर तिला सर्वांत देखणं रूप दिलं ते ब्रिटनमधल्या 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'ने. 21 सप्टेंबर 1962 रोजी ग्रॅनाडा वाहिनीने हा कार्यक्रम सुरू केला. प्रश्न विचारायला होता सत्तावीस वर्षांचा बँबर गॅसकॉइन. याच गॅसकॉइनने पुढे मुघल बादशहांवर 'द ग्रेट मुघल्स' हे पुस्तक लिहिलं, म्हणजे माणूस नुसता कार्डं वाचणारा नव्हता. मूळ कल्पना अमेरिकेची. तिथला 'कॉलेज बोल' 1953 मध्ये रेडिओवर आणि 1959 मध्ये टीव्हीवर आला. तिथेच 1966 मध्ये अ‍ॅग्नेस स्कॉट या मुलींच्या छोट्याशा कॉलेजने बलाढ्य प्रिन्स्टनला अगदी शेवटच्या क्षणी 220–215 असं हरवलं होतं.

नियम सोपे आहेत, पण त्यांची गुंफण बेरकी आहे. पहिला प्रश्न दहा गुणांचा. तो ज्याचा त्याने सोडवायचा; शेजारच्याच्या कानाला लागायची मुभा नाही. उत्तर बरोबर आलं की त्या संघाला एकाच विषयावरचे पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न मिळतात. आता मात्र चौघांनी डोकी एकत्र आणायची, कुजबुजायचं आणि कप्तानाने उत्तर द्यायचं. प्रश्न अर्ध्यावर तोडून चुकीचं उत्तर दिलं, तर पाच गुण वजा. शिवाय तोच प्रश्न समोरच्या संघाला पूर्ण ऐकवला जातो.

हिशेब मांडून पाहा. तुमचे पाच गेले. समोरच्याने दहा घेतले, वर पंधरा कमावले. एका उतावळ्या घंटीने तीस गुणांची दरी पडते. तरीही मुलं घंटी मारतात, कारण थांबलं तर समोरचा मारणार.

आपल्याच भागातला एक प्रश्न रचून पाहू. 'देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने वसवलेलं, पुढे भोसल्यांची राजधानी झालेलं, 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं आणि संत्र्यांसाठी ओळखलं जाणारं शहर कोणतं?' पुण्या-मुंबईचा मुलगा भोसल्यांपर्यंत नाही तर संत्र्यांपर्यंत थांबेल. देवगडचा किल्ला शेजारच्याच छिंदवाडा जिल्ह्यातला. त्यामुळे सौंसरचा मुलगा 'बख्त बुलंद' ऐकताच हात चालवेल आणि 'नागपूर' म्हणेल. (संत्र्यांपर्यंत थांबला असता तर बिचारा गोंधळलाच असता. संत्री काय फक्त नागपूरची? सौंसर-पांढुर्ण्याच्या बागा कुठे गेल्या?) पण समजा, प्रश्नाने पुढे वळण घेतलं: 'बख्त बुलंद शहा याने वसवलेल्या शहरातून कोणती नदी वाहते?' मग उत्तर नाग नदी, आणि 'नागपूर' म्हणणाऱ्याचे पाच गुण पाण्यात. प्रश्न काढणारा आणि सोडवणारा यांच्यातली ही लपाछपी ज्याला दिसली, त्याला निकालाचं फारसं कौतुक उरत नाही.

हे सगळं परदेशी वाटत असेल, तर आपला कलगी-तुरा आठवावा. तुरेवाले शिवाच्या बाजूचे, कलगीवाले शक्तीच्या. एका शाहिराने डफावर थाप मारून कूट घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच ते उकलायचं. या दोन पंथांचा उगम सांगणारी एक आख्यायिका तर मध्य प्रदेशातल्याच चंदेरीची आहे. तुकनगीर आणि शाह अली यांच्यात वाद रंगला आणि तिथल्या राजाने एकाला तुरा, दुसऱ्याला कलगी दिली, असं सांगतात. नागपूर-भंडाऱ्याकडच्या खड्या गमतीत ही सवाल-जवाबाची झुंज रात्रभर चालते. फरक एवढाच, की शाहिराला सवाल शेवटपर्यंत ऐकावा लागतो.

भारतातला इतिहास चटकन उरकू. 1967 मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी प्रश्नमंजूषा रुजवली. 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' 1972 मध्ये सुरू झाली. हमीद सयानींनंतर ती अमीन सयानींच्या आवाजात घरोघर ऐकली गेली. 1985 मध्ये दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' आलं, सिद्धार्थ बसू घराघरांत पोचले आणि कॉलेजचे संघ टीव्हीवर झुंजू लागले. पुढे 'कौन बनेगा करोडपती' आलं आणि संघ मागे पडून एकटा माणूस खुर्चीवर बसला. 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी त्याच खुर्चीवरून एक कोटी जिंकले, याचा विदर्भाला रास्त अभिमान आहे. पण तिथे कुजबुज नाही, कप्तान नाही.

आता लेखकाची लाडकी लढत. 2003 मध्ये बीबीसी वर्ल्डने 'युनिव्हर्सिटी चॅलेंज इंडिया' सुरू केलं. सूत्रधार पुन्हा सिद्धार्थ बसू. 2003–04 चं पहिलं विजेतेपद अंधेरीच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने मिळवलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं; पण या संघाची गाठ पुढे ब्रिटनमधल्या उपविजेत्याशी पडली: केंब्रिजचं गॉनव्हिल अँड कीज कॉलेज. (इंग्रजी स्पेलिंग वाचून 'कायस' म्हणाल तर फसाल, उच्चार 'कीज'च. प्रश्नमंजूषेतला हाही एक हमखास सापळा!) स्टीफन हॉकिंग यांचं हे कॉलेज 1348 मध्ये स्थापन झालं. इकडे दख्खनमध्ये बहमनी राज्य स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. अंधेरीचं कॉलेज 1962 चं, म्हणजे ब्रिटिश कार्यक्रमाच्याच वयाचं. आणि जिंकलं अंधेरी.

अभियांत्रिकीची पोरं म्हणजे फक्त गणित आणि यंत्रं, हा समज त्या सामन्याने खोटा पाडला. इथे संगीत, चित्रं, पुराणं, राजघराणी, रसायनं असं सगळं एका बैठकीत येतं. चौघांपैकी एकाला ग्रीक देव ठाऊक हवेत, दुसऱ्याला नद्या. सगळं येणारे चार जण एकत्र आणण्यापेक्षा वेगवेगळं येणारे चार जण जमवणं, हे संघ निवडणाऱ्याचं खरं कसब.

केंब्रिजवरून आठवलं. 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजचं प्रत्येक कॉलेज वेगळा संघ पाठवू शकतं, बाकीच्या बहुतेक विद्यापीठांना मात्र एकच संघ. याच्या निषेधार्थ 1975 मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या मुलांनी जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की किंवा चे गव्हेरा अशीच उत्तरं दिली. खोडी होती, पण मुद्दा खोटा नव्हता. त्याच मँचेस्टरने पुढे 2012 आणि 2013 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतली, ती मात्र खरी उत्तरं देऊन.

आणखी एक गंमत. त्या ब्रिटिश कार्यक्रमात दोन संघ माडीवर-तळमजल्यावर बसावेत तसे एकावर एक दिसतात. प्रत्यक्षात दोघे एकाच जमिनीवर शेजारी-शेजारी असतात. वर-खाली दिसतात ते पडदा विभागल्यामुळे.

सौंसर-पांढुर्ण्याला समोरासमोर ठाकण्याची सवय नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर गोटमारीला उभे राहतात. मध्ये पात्रात पळस आणि त्यावर झेंडा. दगडांच्या त्या लढतीत दरवर्षी माणसं जखमी होतात. घंटीच्या लढतीत फार तर पाच गुण जातात. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. इथली मुलं शिकायला कुणी छिंदवाड्याकडे जातात, कुणी नागपूरला. म्हणजे एका बाजूला राजा शंकर शाह विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. दोन विद्यापीठांचे दोन संघ एकाच आळीत सापडतील.

तेव्हा येत्या स्नेहसंमेलनात एक संध्याकाळ या खेळाला द्या. चार-चार मुलं, शंभरेक प्रश्न, एक खमके गुरुजी आणि गुण लिहायला एक फळा एवढ्यावर भागतं. कॅमेरा नसला तरी चालेल. फक्त दोन घंट्यांचे आवाज वेगळे ठेवा. सौंसरच्या त्या मंडपात भांडण झालं नाही, ते एकीचा आवाज देवघराचा आणि दुसरीचा सायकलचा होता म्हणूनच.