चुकून आलेलं पार्सल: ठेवायचं, परत करायचं की पैसे भरायचे?

किल्लारीत आता कपडे, मिक्सर, मोबाईल, मुलांची पुस्तकं सगळं ऑनलाइन मागवलं जातं. 1993 च्या भूकंपानंतर इथली वस्ती नव्या जागी उभी राहिली, एकसारख्या घरांच्या रांगा झाल्या. त्यात एकाच गल्लीत एकाच नावाचे दोन शेख किंवा दोन पठाण निघतात. पार्सल भलत्याच दारात गेलं तर नवल नाही. पण त्या वस्तूचं पुढे काय करायचं?

"कंपनीची चूक आहे, वस्तू तुमचीच झाली," असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. हे ऐकीव ज्ञान बाहेरच्या देशांतून आलंय. अमेरिका, ब्रिटनमध्ये न मागवलेला माल लोकांच्या माथी मारून पैसे मागणाऱ्या कंपन्यांना रोखण्यासाठी तसे नियम आहेत. ब्रिटनमध्येसुद्धा निव्वळ चुकीने आलेल्या दुसऱ्याच्या पार्सलला ते लागू होत नाहीत. आपल्याकडे तर असा नियमच नाही.

आपल्याकडे आहे तो 1872 चा भारतीय करार कायदा. त्याचं कलम 72 सांगतं की चुकीने मिळालेले पैसे किंवा वस्तू परत करावी लागते. युपीआयवर चुकून आलेल्या रकमेलाही हेच लागू. दुसऱ्याची वस्तू आहे हे कळूनही बेइमानीने वापरली किंवा विकली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा होऊ शकतो आणि त्यात कैदेची शिक्षा आहे.

दीनच्या बाजूने पाहिलं तरी वेगळं निघत नाही. सूरह निसाच्या 58 व्या आयतीत अमानतीबद्दलचा हुकूम आहे. रस्त्यात सापडलेल्या वस्तूबद्दल, म्हणजे लुकत्याबद्दल, फिकहमध्ये वर्षभर पुकारा करण्यापर्यंत चर्चा आहे. इथे तर मालकाचं नाव आणि नंबर लेबलवर छापलेला असतो, पुकाऱ्याचीही गरज नाही!

म्हणून आपण दबून राहायचं का? मुळीच नाही. परत करणं आपली जबाबदारी, पण कंपनीच्या चुकीचा खर्च आपण का सोसायचा? न मागवलेल्या वस्तूसाठी "आठ दिवसांत कळवलं नाही तर खरेदी झाली समजू" असं कुणी लिहिलं तरी करार होत नाही. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. आपण कंपनीला लेखी कळवावं, लेबलसकट फोटो पाठवावा, वस्तू जपून ठेवावी आणि "घेऊन जा" म्हणावं. किती दिवसांत न्यायला हवं याचा ठरलेला आकडा कायद्यात नाही, तेव्हा मेसेजमध्ये आपणच मुदत टाकलेली बरी. मात्र मुदत संपली म्हणून वस्तू आपली होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कॅश ऑन डिलिव्हरीत. मुलगा पुण्यात किंवा आखातात, घरी अब्बा-अम्मी. दारात पार्सल येतं, "तुमच्या मुलानेच मागवलंय, सातशे रुपये द्या." विचारायची सोय नसते आणि माणसं भिडेखातर पैसे देतात. घरी सांगून ठेवा: फोन करून खात्री झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पार्सल नाकारायचा पूर्ण हक्क आहे. आणि आलेला ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

मागवलं एक आणि आलं भलतंच, तर कायदा आणखी स्पष्ट आहे. 1930 च्या वस्तू विक्री कायद्यानुसार (कलम 37 आणि 43) चुकीचा माल नाकारता येतो. नाकारल्याचं विक्रेत्याला कळवलं की पुरे, स्वतः नेऊन पोहोचवायची सक्ती नाही. किराणा दुकानदारांनाही हे उपयोगाचं. दहा पेट्या मागवल्या आणि बारा आल्या तर दहा ठेवून दोन नाकारा. बाराही ठेवून घेतल्या तर बाराचे पैसे ठरलेल्या भावाने द्यावे लागतील.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. जाहिरातीत दाखवलं तसं नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तरी टाळाटाळ झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथेही भागलं नाही तर लातूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मालाचा पुन्हा विक्रीसाठी व्यापार करणारा सहसा ग्राहक ठरत नाही, पण पोट भरण्यासाठी शिलाई मशीन घेणारा टेलर ग्राहकच.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तोपर्यंत बिल, मेसेज आणि डब्यावरचं लेबल टाकून देऊ नका. पार्सल उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवलेला असेल, तर कंपनीशी वाद घालायला फार बोलावं लागत नाही.