चलान चुकीचं असेल तर पैसे भरण्याआधी थांबा

मोटारसायकल गावी अंगणात उभी आणि मोबाइलवर नागपूरच्या चौकातलं विनाहेल्मेट चलान! असं झालं तर घाबरून लगेच पैसे भरू नका. दंड भरला की तडजोड झाली असं धरतात आणि प्रकरण मिटतं.

आधी महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर फोटो उघडा. गाडीचा रंग, मॉडेल, क्रमांकाचा शेवटचा अंक नीट बघा. ३ आणि ८ मध्ये गल्लत सहज होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७-अ नुसार कॅमेऱ्याच्या चलानावर गुन्हा आणि क्रमांक दिसेल असा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण हवंच. चूक दिसली की तिथेच तक्रार नोंदवा, गाडीचे फोटो आणि आरसीची प्रत जोडा. तक्रार फेटाळली गेली तरी न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क उरतोच.

लोकअदालतीत मात्र तडजोड होते. तिच्या निवाड्यावर अपील नाही. चूक खरंच तुमची असेल, तर तो मार्ग सोयीचा.

चलानाच्या नावाने एपीके फाइल आली, तर ती फसवणूक समजा, उघडू नका.