त्सांगपो: नकाशातील सामान्यनाम

तिबेटी भाषेत ‘त्सांगपो’ हे मोठ्या नदीचे सामान्यनाम होय. ‘त्सांगपो नदी’ म्हणजे ‘नदी नदी’. तद्वत ‘त्सो’ म्हणजे सरोवर. नाम-त्सो व मंगोल भाषेतील तेंग्री-नोर ही एकाच ‘आकाश-सरोवरा’ची नावे, त्यांवरून दोन सरोवरे कल्पिणे सोपे, पण चुकीचे. सर्वेक्षकांनी १०० मण्यांच्या माळेवर (१०८ नव्हे) पावले मोजून अंतरे ठरविली. नावे मात्र कानांनीच टिपावी लागली.

१८८० साली त्सांगपोच्या शोधास निघालेला किंथुप निरक्षर होता. १८८४ मध्ये परतल्यावर त्याने वृत्तांत तोंडी सांगितला, इतरांनी तो लिहिला. त्या लेखनात ओढ्यावरील उंच धबधबा व मुख्य प्रवाहावरील लहान प्रपात एक झाले आणि नदीवर मोठा धबधबा कल्पिला गेला. बेली व मॉर्सहेड यांच्या १९१३ च्या प्रवासाने हा घोटाळा उघडकीस आला; किंथुपची उर्वरित हकीकत मात्र बव्हंशी खरी ठरली.