खाडीतील पेषणीधारी मासे

भाट्ये येथे काजळी नदी अरबी समुद्रास मिळते. भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा नदीमुखातून आत शिरते. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी त्यास मागे रेटते. पश्चिम किनाऱ्यावरील अशा निमखाऱ्या खाड्यांत व उथळ समुद्रात एक लहान रुपेरी मासा आढळतो. त्यास इंग्रजीत ‘गिझर्ड शॅड’ म्हणतात. गिझर्ड म्हणजे पेषणी. कोंबडीच्या पोटात दाणे भरडणारा जो जाड स्नायूंचा अवयव असतो, तसाच जठराचा भाग या माशास असतो.

माशास पेषणी कशासाठी? या माशाचे तोंड लहान, किंचित खालच्या बाजूस असून त्यात दात नसतात. पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व गाळातील सेंद्रिय कण हे त्याचे मुख्य अन्न. कल्ल्यांजवळील बारीक, दाट काड्यांच्या चाळणीने तो ते गाळून घेतो. डायाटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींचे कवच वाळूसारखे कठीण असते. दातांनी न होणारे दळण्याचे काम पेषणी करते. खाडीतील बोय माशाचे जठरही असेच जाड असते. कूळ निराळे, पण अन्न सारखे. म्हणून अवयवही सारखा.

आपल्या किनाऱ्यावर या गटाच्या दोन जाती विशेष ध्यानात ठेवाव्यात. नेमाटालोसा नासस या जातीचे वर्णन ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1795 मध्ये केले. तिच्या पाठीवरील पराचा शेवटचा काटा दोऱ्यासारखा लांब असतो. ‘नेमा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ दोरा. दुसरी अनोडोन्टोस्टोमा चाकुंडा; तिचे वर्णन हॅमिल्टन याने 1822 मध्ये केले. तिच्या परास असा दोरा नसतो. नावाचा अर्थ ‘दंतहीन मुख’. दोन्हींचे शरीर चपटे व रुंद, कल्ल्यामागे एक काळसर ठिपका आणि पोटाच्या कडेस करवतीसारखी खवल्यांची धार असते. लांबी बहुधा वीतभराहून अधिक नसते. तारली व पाला हे त्यांचे आप्त होत.

हा मासा काटेरी असल्याने बाजारात त्यास मान कमी. तथापि गाळातील अन्नाचे मांसात रूपांतर करून तो मोठ्या माशांचे भक्ष्य होतो. खाडीत कचरा साचला, गाळपेर बुजली, तर प्रथम झळ अशा माशांस पोहोचते, आणि मग त्यांवर जगणाऱ्या मोठ्या माशांस व मच्छीमारांस.

शिक्षकबंधुभगिनींनी बाजारातून एक ताजा मासा आणावा. मुलांनी प्रथम पर, ठिपका व पोटाची धार पाहावी. नंतर शिक्षकांनी स्वतः मासा चिरून पेषणी दाखवावी व ती बोटाने दाबून पाहण्यास सांगावे. शक्य असल्यास रत्नागिरीच्या झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय दाखवावे.

माशाचे स्थानिक नाव मात्र मुलांसच विचारावे, कारण एकाच माशास खाडीखाडीत निरनिराळी नावे असतात. वाचनात मागे पडणारे मच्छीमाराचे मूल या पाठास सर्वांपुढे असेल. त्याने सांगितलेले नाव फळ्यावर शास्त्रीय नावाशेजारी लिहावे. आपल्या घरचे ज्ञान शाळेत चालते, हे त्यास त्या दिवशी कळेल.